जुनी डॉज, मोठा अल्टरनेटर आणि अँमीटरची वाट

दरवर्षी ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी डेट्रॉइटच्या उत्तरेकडील उपनगरांतून जाणाऱ्या वूडवर्ड अव्हेन्यूवर जुन्या गाड्यांचा मेळा भरतो. १९९५ पासून चालत आलेल्या या ‘ड्रीम क्रूझ’च्या आधीचा आठवडा आमच्यासारख्या वायरिंगची कामे करणाऱ्यांना सर्वांत धावपळीचा जातो, कारण एरवी झाकून ठेवलेली गाडी नेमकी त्या आठवड्यात बाहेर निघते आणि तिची सगळी दुखणी एकदम उघडी पडतात. शिवाय त्या दिवशी वूडवर्डवर कोणी वेगाने जात नाही. उन्हात, ताशी आठ-दहा मैलांनी, थांबत थांबत सरकावे लागते. मसल कारच्या, म्हणजे मोठ्या इंजिनाच्या जुन्या अमेरिकन गाडीच्या, विद्युत यंत्रणेची याहून कठोर परीक्षा नाही. इंजिन आयडलवर असल्यामुळे अल्टरनेटर कमीत कमी वीज देतो आणि पंखे, पंप, इग्निशन यांची मागणी मात्र त्याच वेळी सर्वाधिक असते.

त्या शुक्रवारी सकाळी आमच्याकडे १९६९ ची डॉज चार्जर ट्रकवर लादून आली. ३८३ घनइंची, म्हणजे सुमारे ६.३ लिटरचे इंजिन. चासी क्रमांकातले पाचवे अक्षर एच, म्हणजे इंजिन चार बॅरल कार्ब्युरेटरचे, आणि सातवे अक्षर बी, म्हणजे गाडी हॅमट्रॅम्कच्या कारखान्यातली. तो कारखाना १९८० मध्ये बंद पडला आणि नंतर पाडला गेला. मालक सत्तरीच्या पुढचे गृहस्थ. त्यांचे वडील त्याच कारखान्यात कामाला होते, त्यामुळे गाडीतली मूळची कोणतीही वस्तू हलवायची म्हटली की ते आधी कारण विचारत आणि ते पटल्याशिवाय मान हलवत नसत.

त्यांची तक्रार साधी होती. सकाळी बॅटरी उतरलेली होती, शेजाऱ्याच्या गाडीवरून केबल लावून इंजिन सुरू केले, चार-पाच मैल गेल्यावर डॅशबोर्डाखालून प्लास्टिक जळाल्याचा वास आला आणि त्यांनी गाडी तिथेच बंद केली. मागच्या वर्षी एका गॅरेजने गाडीला फ्युएल इंजेक्शन आणि रेडिएटरवर दोन विजेचे पंखे बसवून दिले होते. नवा भार जुन्या अल्टरनेटरला पेलेना, म्हणून त्याच गॅरेजने डेल्कोच्या १२एसआय जातीचा ९४ अँपिअरचा अल्टरनेटर ब्रॅकेट बदलून बसवला होता. मालकांच्या मते अल्टरनेटर खराब निघाला होता आणि तो बदलून द्यावा, एवढीच त्यांची मागणी होती.

अल्टरनेटर उत्तम होता.

या गाड्यांची रचना समजल्याशिवाय पुढचे काही कळणार नाही. डॉज ज्या कंपनीची, त्या क्रायस्लरने १९६० च्या व्हॅलियंटपासून डायनामो सोडून अल्टरनेटर घेतला, पण बॅटरीत वीज जाते आहे की बॅटरीतून निघते आहे हे दाखवणारा अँमीटर डॅशबोर्डावर तसाच ठेवला. हा अँमीटर खरोखर मार्गात बसलेला असतो. अल्टरनेटरची काळी वायर इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यातील बल्कहेड कनेक्टरमधून आत शिरते. आत गेल्यावर तिला एक जोड असतो आणि त्या जोडातून हेडलाइट, इग्निशन आणि फ्यूज बॉक्स यांना वीज मिळते. त्यानंतर प्रवाह अँमीटरमधून जातो, लाल वायरीने पुन्हा त्याच कनेक्टरमधून बाहेर पडतो आणि फ्युजिबल लिंक, म्हणजे प्रवाह फार वाढला तर वितळून तुटणारा वायरीचा तुकडा, ओलांडून स्टार्टर रिलेच्या बोल्टवर, म्हणजे बॅटरीवर पोहोचतो. दोन्ही वायरी १२ गेजच्या (गेजचा आकडा जितका लहान तितकी वायर जाड), जेमतेम ३.३ चौरस मिलिमीटर तांब्याच्या, आणि कनेक्टरमधले टर्मिनल पाव इंच रुंदीच्या चपट्या पात्याचे.

ही रचना मूर्खपणाची आहे असे म्हणण्याची पद्धत पडली आहे. मला ते मान्य नाही. मूळ गाडीत सगळा भार अँमीटरच्या अलीकडच्या जोडावर होता. इंजिन चालू असताना बॅटरीला फक्त सुरुवातीची भरपाई लागे. काटा काही मिनिटे चार्जकडे झुके आणि मग मध्यावर येऊन थांबे. म्हणजे अँमीटरमधून मोठा प्रवाह सतत जाणे अपेक्षितच नव्हते. शिवाय मूळचा अल्टरनेटर चाळीसएक अँपिअरच्या आसपासचा, आणि आयडलवर तर त्याच्या पाव हिश्शाइतकाच देणारा. तो अशक्त होता म्हणून वायर वाचत होती. ज्या पोलिस किंवा टॅक्सी गाड्यांना मोठा अल्टरनेटर देत, त्यांतल्या काहींत चार्जिंगची जाड वायर कनेक्टर टाळून पत्र्याला वेगळे भोक पाडून नेलेली असे, यावरून आखणी करणाऱ्यांना या जागेची मर्यादा चांगली ठाऊक होती हे दिसते.

बॉनेट उघडल्यावर कारण जवळजवळ लगेच दिसले. पंख्यांचे आणि इंजेक्शनच्या पंपाचे रिले थेट बॅटरीच्या धन टोकाला जोडलेले होते. दिसायला ही जोडणी नीटनेटकी वाटते, आणि आजच्या गाडीत ती योग्यही ठरेल. पण या गाडीत त्याचा अर्थ असा होतो की पंख्याला लागणारा प्रत्येक अँपिअर अल्टरनेटरकडून आधी केबिनमध्ये जाणार, अँमीटरमधून फिरणार आणि मग परत इंजिनाकडे येऊन पंख्याला मिळणार. अल्टरनेटरपासून पंखा हातभर अंतरावर. वीज मात्र डॅशबोर्डाला प्रदक्षिणा घालून तिथे पोहोचत होती.

अंदाजावर काम करणे मला आवडत नाही. कोल्हापुरात ट्रकच्या वायरिंगवर हात बसला तेव्हापासून एक सवय आहे, की ‘चार्जिंग नाही’ असे कोणी म्हणाले तर आधी कटआउट किंवा अल्टरनेटर उतरवायचा नाही, आधी दोन्ही टोकांना मीटर लावायचा. अग्निशामक हाताशी ठेवून, बॅटरी वेगळ्या चार्जरवर थोडी भरून घेऊन, मी इंजिन दोन हजार फेऱ्यांवर थोडा वेळच चालवले. पंखे, पंप, हेडलाइट सगळे चालू. अल्टरनेटरच्या बोल्टवर १४.४ व्होल्ट मिळाले, बॅटरीवर १३.१, आणि लाल वायरीभोवती लावलेल्या क्लँप मीटरवर ४४ अँपिअर. मधल्या १.३ व्होल्टचे पुढे काय होते हे गुणाकार केला की कळते: ५७ वॅटच्या आसपास उष्णता, आणि तिचा बराचसा भाग कनेक्टरच्या दोन पोकळ्यांत व अँमीटरच्या मागच्या दोन बोल्टांवर. साठ वॅटचे सोल्डरिंग आयर्न प्लास्टिकला टेकवून तासभर गाडी चालवण्यासारखेच ते होते. प्रवाह दुप्पट झाला की ही उष्णता चौपट होते. सकाळी पूर्ण उतरलेली बॅटरी केबल लावून सुरू केली, तेव्हा पंख्यांच्या भारावर तिच्या भरपाईचाही प्रवाह चढला आणि जे वर्षभर हळूहळू भाजत होते ते चार-पाच मैलांत वितळले.

कनेक्टर सोडवला तेव्हा काळ्या आणि लाल वायरीच्या पोकळ्यांतले प्लास्टिक तपकिरी होऊन ओघळले होते आणि पात्यांची पकड सैल झाली होती. अँमीटरच्या एका बोल्टचा नट हाताने फिरत होता, त्याखालचा फायबरचा वॉशर करपलेला. तो बोल्ट डॅशबोर्डाच्या पत्र्याला टेकला असता तर काय झाले असते, हे मालकांना सांगावे लागले नाही. मात्र त्यांनी योग्य प्रश्न विचारला: फ्युजिबल लिंक का तुटली नाही? ती लिंक म्हणजे मूळ वायरीपेक्षा चार गेज बारीक ठेवलेला तुकडा. पूर्ण शॉर्ट झाला तर ती क्षणात जाते; पन्नास-साठ अँपिअरचा सततचा भार ती बराच वेळ निमूटपणे वाहते. तोवर सैल टर्मिनल कधीच तापलेले असते.

दुसरा दोष अल्टरनेटरच्या निवडीत नव्हता, त्याच्या जोडणीत होता. तो ‘वन-वायर’ प्रकारचा होता, म्हणजे त्याचा आतला रेग्युलेटर स्वतःच्याच बोल्टवरचे व्होल्टेज पाहून समाधान मानत असे. तिथे १४.४ असल्यामुळे त्याच्या दृष्टीने सर्व ठीक होते; बॅटरीला १३.१ मिळत आहेत हे त्याला कळण्याचा मार्गच नव्हता. शिवाय असा अल्टरनेटर सुरू केल्यावर एकदा इंजिन रेस केल्याशिवाय जागा होत नाही. मालक दर वेळी तसे करत होते आणि जुनी गाडी आहे म्हणून सोडून देत होते. बॅटरी वारंवार का उतरत होती याचे उत्तर यातच होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी वूडवर्डवर हवी होती, म्हणून नवा हार्नेस, म्हणजे वायरींचा पूर्ण जुडगा, मागवण्याचा प्रश्न नव्हता. १२एसआयच्या त्याच सांगाड्यात तीन वायरींचा रेग्युलेटर बसतो, तो बसवला. त्याची व्होल्टेज पाहणारी वायर स्टार्टर रिलेच्या बोल्टवर नेली आणि जागे करणारी वायर इग्निशनवरून एका लहान दिव्यातून आणली. हा दिवा किंवा त्याऐवजी एखादा रोधक वा डायोड मध्ये नसेल, तर चावी बंद केल्यावरही अल्टरनेटरकडून उलटी वीज इग्निशनला मिळून इंजिन चालूच राहू शकते.

मग मुख्य काम. अल्टरनेटरच्या बोल्टवरून स्टार्टर रिलेपर्यंत ४ गेजची, म्हणजे २१ चौरस मिलिमीटरची थेट केबल टाकली आणि तिच्यात बॅटरीच्या बाजूला १२५ अँपिअरचा बोल्टने आवळायचा फ्यूज दिला. बहुतेक जण इथे थांबतात, आणि नेमका तिथेच धोका राहतो. मूळ गाडीत काळी वायर फक्त अल्टरनेटरला जोडलेली असते, बॅटरीशी तिचा संबंध अँमीटर आणि फ्युजिबल लिंकमार्फतच येतो. नवी केबल टाकताच ती काळी वायर मागच्या दाराने थेट बॅटरीला जोडली जाते. डॅशबोर्डाखाली कुठे शॉर्ट झाला तर लाल बाजूची लिंक तुटेल, पण काळ्या बाजूने १२५ अँपिअरचा फ्यूज ओलांडून प्रवाह येतच राहील आणि बारीक वायर पेट घेईल. म्हणून काळ्या वायरीच्या अल्टरनेटरकडच्या टोकालाही वेगळी फ्युजिबल लिंक हवी. कनेक्टरच्या वितळलेल्या दोन पोकळ्या कापून काढल्या, तिथून रबरी ग्रोमेट घालून १० गेजच्या सलग वायरी आत नेल्या आणि दोन्ही टोकांना १४ गेजच्या लिंक दिल्या. हार्नेसची पट्टी सोडून कारखान्यात वेल्ड केलेला जोडही पाहिला. तो अर्धशतकानंतर आजही निर्दोष होता, त्याला हात लावला नाही.

पट्ट्याचाही विचार करावा लागला. ९४ अँपिअर १४ व्होल्टला म्हणजे तेराशे वॅटच्या वर, आणि अल्टरनेटरची कार्यक्षमता निम्म्याच्या थोडी वर धरली तर पट्ट्याला तीन अश्वशक्तीहून अधिक ओढावे लागते. एकेरी व्ही पट्टा हे करतो, पण पुली सरळ रेषेत असेल तरच. इथे ती थोडी पुढे होती, वॉशर बदलून ती जुळवली.

संध्याकाळी पुन्हा तीच चाचणी घेतली. अल्टरनेटरवर १४.५, बॅटरीवर १४.४. आयडलवर पंख्यांसह बॅटरी १३.६ च्या खाली गेली नाही आणि कनेक्टर हाताला कोमटही लागला नाही.

अँमीटरबद्दल मात्र आमचे एकमत झाले नाही. त्याच्या दोन्ही वायरी एकाच बोल्टवर आणून त्याला मार्गातून काढावे, असे माझे मत होते. मालकांना काटा हलता हवा होता. नवे वॉशर घालून, नट आवळून मी तो मार्गात ठेवला, कारण आता त्याच्यातून मोठा प्रवाह जाणार नव्हता. पण पर्यायी वाट दिल्यावर अँमीटर खरे सांगत नाही, हेही त्यांना आधीच सांगून ठेवले. केबिनच्या भाराला आता दोन्ही बाजूंनी वीज मिळते, थोडी काळ्या वायरीने आणि थोडी बॅटरीच्या बाजूने अँमीटरमधून. त्यामुळे हेडलाइट लावले की बॅटरी भरत असतानाही काटा डिस्चार्जकडे झुकतो. खरी स्थिती कळावी म्हणून डॅशबोर्डाच्या खालच्या कडेला एक छोटा व्होल्टमीटर लावून दिला.

सोमवारी त्यांचा फोन आला. गाडी दिवसभर चालली, बॅटरी उतरली नाही, वास आला नाही. पण संध्याकाळी दिवे लावल्यावर काटा डिस्चार्जकडे गेला तो पाहून त्यांनी दोनदा गाडी बाजूला घेतली होती. व्होल्टमीटर १४ च्या वर दाखवत होता हे त्यांनी मान्य केले, तरी वडिलांच्या कारखान्यातून निघालेला काटा खोटे बोलतो हे त्यांना पटत नव्हते. शेवटी असे ठरले की नोव्हेंबरमध्ये, रस्त्यांवर मीठ पडायला लागून गाडी झाकली गेली की, तो अँमीटर काढून तबकडी मूळचीच ठेवून आत व्होल्टमीटरची यंत्रणा बसवून घ्यायची, आणि दोन्ही वायरी तेव्हा एका बोल्टवर आणायच्या. त्या कामाचे पैसे किती होतील हे त्यांनी फोनवरच लिहून घेतले.