आमची वाटचाल : रेघेबाहेरचे तीन मिलिमीटर

कोल्हापुरातील शिवाजी उद्यमनगरात 1996 साली आम्ही दोघा भागीदारांनी जी पहिली ट्रेडल, म्हणजे छपाईचे छोटे यंत्र, घेतली, ती छपाईसाठी नव्हतीच. छपाईसाठी अक्षरांचे खिळे जुळवण्याचे दिवस संपत आल्यामुळे असे यंत्र भंगाराच्या भावात मिळत असे. तिचे शाईचे रोलर आम्ही काढून टाकले, कागद बसतो त्या प्लेटनवर पोलादी पत्रा बसवला आणि बाहेरून छापून आलेल्या कामाचे पंचिंग, म्हणजे पात्याने दाबून आकारात कापणे, सुरू केले. आकारात कापलेले स्टिकर, लेबले आणि मिठाईच्या खोक्यांचे पुठ्ठे एवढेच आमचे भांडवल होते.

माझे भागीदार अण्णा डाय, म्हणजे कापायचा पात्याचा साचा, स्वतःच्या हाताने करीत. अठरा मिलिमीटरच्या प्लायवर आकृती चिकटवून ते जिगसॉने खाच पाडीत आणि मधला तुकडा गळून पडू नये म्हणून खाचेत जागोजागी पूल ठेवीत, मग 23.8 मिलिमीटर उंचीचे, दोन पॉइंट जाडीचे पाते वाकवून ते त्या पुलांवर बसेल अशा बेताने खालून कोरून घेत. पात्याच्या दोन्ही अंगांना रबर चिकटवले की डाय तयार होई. स्टिकरचा हाफ कट लावताना मात्र ते कोणालाही जवळ येऊ देत नसत. वरचा कागद सुटला पाहिजे आणि मागचा कागद शाबूत राहिला पाहिजे, म्हणून ते एक स्टिकर सोलून मागच्या कागदावर मार्करची शाई चोळीत. शाई रेघेत झिरपली तर पाते खोल गेले असे समजून पत्र्यामागची कागदाची पट्टी काढली जाई. आजही आमच्याकडे प्रत्येक डायची तपासणी अशीच होते.

ब्लीड म्हणजे कापायच्या रेघेबाहेर वाढवून छापलेला रंग, हे या व्यवसायातील वाचकांना सांगणे नको. परंतु ते किती ठेवावे यावरून अण्णांचे आणि माझे अनेकदा वाजले. पावसाळ्यात आपल्याकडचा कागद ओल धरतो आणि रेषांच्या आडव्या दिशेने फुगतो. त्यात हाताने लावलेला ताव खुंट्यांना प्रत्येक वेळी तंतोतंत टेकेल असेही नाही. म्हणून कापायच्या रेघेबाहेर रंग तीन मिलिमीटर गेलाच पाहिजे आणि अक्षरे रेघेच्या आत तितकीच दूर राहिली पाहिजेत, हा अण्णांचा नियम होता. कागद वाचवण्याच्या हिशेबाने मी दीडवर यायला तयार असे.

जुलै 2007 मध्ये मी दीडही पाळले नाही. मसाल्याच्या एका पार्टीने बरणीवर लावायच्या, मिरचीच्या आकाराच्या दोन लाख स्टिकरांची ऑर्डर दिली. फाईलमधील मिरची रेघेबरोबर कापून दिलेली होती, तिच्या बाहेर रंगाचा ठिपकाही नव्हता. अण्णा आजारी होते, पार्टी घाईत होती, आणि मी ‘चालेल’ म्हटले. एका तावात चाळीस याप्रमाणे पाच हजार ताव छापून आले. त्यांपैकी आठशे पंच करून पहिला माल पाठवला, तेव्हा प्रत्येक लाल मिरचीच्या एका अंगाला पांढरी कड दिसत होती. पार्टीने माल परत केला आणि पुढचे कामही थांबवले. कागद उधारीचा होता. व्यापाऱ्याने उधारीपोटी उरलेले बेचाळीसशे ताव उचलून नेले आणि ते रद्दीच्या भावाने वळते केले.

पुढचे सांगताना आजही माझा तोल जातो. आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडच्या एका पंचिंगवाल्याने तेच ताव त्या व्यापाऱ्याकडून घेतले, मिरची चारही अंगांनी दीड मिलिमीटर आत घेऊन नवी डाय केली आणि पांढरी कड कापून टाकून तोच माल त्याच पार्टीला विकला. मिरचीचा देठ काडीसारखा झाला होता, टोक बोथट झाले होते, तरी पार्टीने हरकत घेतली नाही. ‘त्यांची डाय वाकडी होती’ असे त्याने गावभर सांगितले. डाय वाकडी नव्हती, हे मी येथे लिहून ठेवतो. ती युक्ती मला सुचली नाही याचा राग त्या माणसावरच्या रागाहून मोठा आहे की लहान, हे मात्र मला अजून ठरवता आलेले नाही.

त्या वर्षी अण्णांनी बायकोचे दागिने गहाण ठेवण्याची भाषा केली. ती वेळ देवगडच्या एका बागायतदारांमुळे टळली. आम्ही त्यांना तात्या म्हणतो. हापूसच्या पेटीवर लावण्यासाठी पानासह आंब्याच्या आकाराचे स्टिकर ते आमच्याकडून करून घेत. जानेवारीत, झाडे अजून मोहरावर असतानाच, गगनबावड्याचा घाट चढून ते आले आणि संपूर्ण हंगामाचे पैसे मोजून गेले. अट एकच होती, पानाला धक्का लागता कामा नये. पान आणि फळ यांच्यामधील बेचक्यातील कागद, स्टिकरांभोवती उरलेली जाळी उचलताना, फाटतो, म्हणून अण्णांनी तो कोपरा थोडा गोल करून दिला. तात्यांनी भिंगातून पाहून तो मान्य केला. 2008 ते 2016 या वर्षांत धंदा नीट चालला.

प्लॉटर, म्हणजे संगणकावरून कापणारे यंत्र, आल्यावर डायचे काम घटले, पण चुका त्याच राहिल्या. फाईल करणाऱ्यांनी एवढे तरी करावे. आकाराच्या रेघेला बाहेरच्या बाजूने तीन मिलिमीटरचा कॉन्टूर, म्हणजे समांतर रेघ, द्यावा आणि त्याचे कोपरे गोल ठेवावेत. टोकदार ठेवले तर मिरचीच्या शेंड्याला भाल्यासारखे टोक फुटते. चित्र पॉवरक्लिपने (कोरलड्रॉमधील, चित्र आकारात बसवण्याच्या सोयीने) त्या बाहेरच्या रेघेत बसवावे, आतल्या रेघेत नव्हे. चित्र अपुरे असेल तर ते ताणून मोठे करू नये, कारण त्यामुळे अक्षरे कडेला सरकतात. फक्त कडेचा रंग बाहेर वाढवावा. कापायची रेघ वेगळ्या लेयरवर, वेगळ्या स्पॉट रंगात (स्वतंत्र शाईच्या रंगात) आणि ओव्हरप्रिंट (खालचा रंग न कोरता वर छापणे) लावून द्यावी, नाहीतर तिच्याखालचा रंग कोरला जाऊन छपाईत पांढरी रेघ उमटते. शेजारच्या आकाराचा रंग निराळा असेल तर दोन रेघांमध्ये सहा मिलिमीटर सोडावेत. एवढे करायला दहा मिनिटे लागतात आणि ती कोणी देत नाही.

अण्णा आता येत नाहीत. ट्रेडल मात्र चालू आहे. गेल्या दिवाळीत मसाल्याच्या त्याच पार्टीच्या मुलाचा फोन आला. जुनी हकीकत त्याला ठाऊक नव्हती. त्याने पाठवलेली मिरची पुन्हा रेघेबरोबरच कापलेली होती. मी कडेचा रंग तीन मिलिमीटर बाहेर वाढवला, देठ जाड ठेवला आणि या व्यवसायात पहिल्यांदाच बिलात ‘ब्लीड वाढवणे’ अशी स्वतंत्र ओळ घातली. बिल पूर्ण आले.