तुम्ही विचारलंत म्हणून: अडीचपट फरक दिसतो, तरी 'सांगता येत नाही' का?

मसाल्याच्या कारखान्यात मी वजनतपासणीचं काम बघते. लॅबमध्ये नवी आलेली मुलं आणि पॅकिंगचे सुपरवायझर मला एक प्रश्न हमखास विचारतात. "मॅडम, जुन्या मशीनचं वजन नव्यापेक्षा अडीचपट वर-खाली होतंय, आकडा समोर आहे. तरी रिपोर्टात 'फरक सांगता येत नाही' असं का लिहिता?"

प्रश्न रास्त आहे. आपण पाकिटंच समोर ठेवू. तिखटाची, १०० ग्रॅमची. जुन्या मशीनची आठ: ९८, १०३, १००, ९७, १०२, १०१, ९६, १०३. नव्याची आठ: १०२, ९९, १००, ९७, १०१, १०२, ९९, १००. दोन्हीकडे बेरीज ८००, सरासरी १००. आता प्रत्येक वजन सरासरीपासून किती लांब पडलं ते काढा, त्याचा वर्ग करा आणि बेरीज घ्या. जुन्याची येते ५२, नव्याची २०. आठातून एक वजा करून सातने भागलं की व्हेरिअन्स मिळतो: ७.४३ आणि २.८६. मोठ्याला लहानाने भागलं की २.६. हेच तुमचं 'अडीचपट'.

सरासरी सारखी असताना एवढा खटाटोप कशाला, असंही कुणी म्हणतं. पॅकबंद मालाच्या नियमांत १०० ग्रॅमच्या एखाद्या पाकिटात ४.५ ग्रॅमपर्यंतची तूट चालते, त्याखाली नाही. हे व्हेरिअन्स खरे धरले आणि वजनं घंटेच्या आकारात पसरतात (बहुतेक सरासरीजवळ, लांबची दोन्ही बाजूंना सारखी आणि थोडीच) असं मानलं, तर जुन्या मशीनची हजारात पन्नासेक पाकिटं त्या रेषेखाली जातील, नव्याची जेमतेम चार. मग जुन्या मशीनवर सेटिंग वाढवून ठेवावं लागतं आणि पाकिटामागे थोडं थोडं तिखट फुकट जातं. म्हणून मला हा फरक मनापासून महत्त्वाचा वाटतो, सरासरीइतकाच.

पण तो खरा आहे का? दोन व्हेरिअन्सच्या या भागाकारावर जी चाचणी उभी आहे ती एफ चाचणी. 'एफ' हे अक्षर संख्याशास्त्रज्ञ जॉर्ज स्नेडेकर यांनी दुसरे संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांच्या सन्मानार्थ दिलं. तिचा तक्ता सांगतो की दोन्ही मशिनं अगदी एकसारखी असली, तरी आठ-आठ पाकिटांत मोठ्या-लहानाचा भागाकार निव्वळ योगायोगाने ४.९९ पर्यंत चढू शकतो. त्याच्या पुढे तो शंभरात पाच वेळाच जातो. आपला २.६ त्याच्या बराच अलीकडे आहे.

मुलांचा विश्वास बसत नाही, तेव्हा मी एकट्या जुन्या मशीनचा हिशेब मांडून दाखवते. या आठ पाकिटांवरून त्याचा खरा व्हेरिअन्स ९५ टक्के भरवशाने सांगायचा तर ३.२ ते ३०.८ यांच्यामध्ये कुठेतरी. कुठे ३ आणि कुठे ३०! आठ पाकिटांत सरासरी बऱ्यापैकी हाती लागते, पसारा नाही लागत. तेच प्रत्येकी ३० पाकिटं तोलली की तक्त्यातली मर्यादा २.१० वर उतरते. तेव्हा २.६ आला असता तर मी बिनधास्त 'फरक आहे' लिहिलं असतं.

आणखी एक अडचण आहे, ती हॉपरपाशी, म्हणजे ज्यातून तिखट पाकिटांत पडतं त्या मशीनवरच्या नरसाळ्यापाशी, उभं राहिल्याशिवाय कळत नाही. पावसाळ्यात तिखट ओल धरतं, हॉपरच्या कडेला चिकटून बसतं. दोन-तीन पाकिटं हलकी जातात, मग ऑपरेटर बाहेरून थाप मारतो आणि अख्खं ढेकूळ एकाच पाकिटात सुटतं. अशी वजनं घंटेच्या आकारात बसत नाहीत आणि एफ चाचणी तिथे सरळ फसवते. संख्याशास्त्रज्ञ जॉर्ज बॉक्स यांनी १९५३ मध्ये हे फार नेमकं मांडलं होतं: सरासरींच्या तुलनेआधी व्हेरिअन्सची अशी चाचणी घेणं म्हणजे मोठं जहाज बंदरातून सोडण्याइतका समुद्र शांत आहे का, हे बघायला वल्ह्याची होडी घेऊन निघणं. म्हणून पावसाळ्यात मी ब्राउन आणि फोर्साइथ यांची १९७४ ची रीत वापरते. तीत सरासरीऐवजी मध्यक, म्हणजे वजनं चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, घ्यायचा, प्रत्येक पाकिट त्यापासून किती ग्रॅम लांब ते बघायचं, आणि त्या अंतरांच्या सरासरींची तुलना करायची. वर्ग नसल्यामुळे एकटं ढेकूळ सगळा निकाल फिरवत नाही. वरच्या पाकिटांत ही अंतरं सरासरी २.२५ आणि १.२५ ग्रॅम येतात, आणि आठ-आठ नगांत हाही फरक पुरेसा ठरत नाही.

आता 'सांगता येत नाही' हेच शब्द का, ते सांगते. नोकरीच्या सुरुवातीला अशाच आठ-आठ पाकिटांवर मी 'दोन्ही मशिनं सारखीच' असं लिहून सही केली होती. मशीन लाइनवर राहिलं. पुढे तपासणीत कमी वजनाची पाकिटं निघाली आणि तो सगळा लॉट फोडून पुन्हा भरावा लागला. बायका दोन दिवस नाकाला फडकी बांधून पाकिटं कापत बसल्या होत्या, हॉलभर ठसका. त्यानंतर दोन्ही मशिनांची तीस-तीस पाकिटं मी स्वतः तोलली, रिकाम्या पाकिटाचं वजन वजा करून. भागाकार २.४ आला, म्हणजे २.१० च्या वर; फरक होताच.

तेव्हापासून माझ्या रिपोर्टात 'सारखीच' हा शब्द नाही. 'फरक सांगता येत नाही' असं लिहिते आणि शेजारी किती नग तोलले तो आकडा घालते. आठ असेल तर खाली आणखी एक ओळ असते: उद्या प्रत्येकी ३० पाठवा.