बावीसची गाडी आणि वीस लिटरचा कॅन

माझी गाडी बायोडिझेलवर, म्हणजे खाद्यतेलापासून केलेल्या इंधनावर, चालते म्हटलं की लोक आधी वासाचं विचारतात आणि मग इंजिन खराब होत नाही का ते विचारतात. गाडी किती देते, हे फार कमी जण विचारतात. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न तोच आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करते.

निव्वळ डिझेलवर माझी गाडी लिटरला २२.४ किलोमीटर देते. हा आकडा माझ्या वहीतला आहे. गाडी सेकंडहँड घेतली त्या दिवसापासून टाकीत गेलेला प्रत्येक लिटर आणि मीटरवरचे किलोमीटर मी लिहून ठेवते. १.४ लिटरचं चार सिलिंडरचं जुनं इंजिन आहे, पंप मेकॅनिकल. नव्या गाड्यांसारखी जास्त दाबाने इंधन फवारणारी कॉमन रेल यंत्रणा नाही, सायलेन्सरच्या वाटेवर काजळी धरणारा फिल्टरही नाही. घरापासून कामाचं ठिकाण ३१ किलोमीटरवर. आठवड्याचे सहा दिवस जाऊन-येऊन आणि वर किरकोळ फिरणं धरलं तर चार आठवड्यांच्या महिन्याला साधारण दीड हजार किलोमीटर होतात.

आता कॅनचा हिशोब. कामाच्या ठिकाणच्या कॅन्टीनमधून मला दर आठवड्याला तळणीचं उरलेलं तेल मिळतं, २० लिटरचा एक कॅन. म्हणजे महिन्याला ८० लिटर. ते शिजवून, धुऊन, सुकवून हातात पडतं साधारण ७४ लिटर बायोडिझेल. शंभर टक्के बायोडिझेलवर गाडी देते २०.८. गुणाकार केला की १५३९ किलोमीटर येतात, म्हणजे माझा महिना निघतो.

हीच गाडी लिटरला दहाच किलोमीटर देणारी असती, तर त्याच तेलात महिन्याचा निम्माच प्रवास झाला असता आणि उरलेल्या अर्ध्यासाठी मी आणखी तेल शोधत फिरले असते. मग कुणीतरी ताजं तेल विकत घेऊन इंधन करायचा सल्ला दिला असता. तो रस्ता मला पटत नाही. इंधनासाठी पाम लावायला जंगलं तोडायची आणि त्याला हिरवं इंधन म्हणायचं, हे माझ्या मनाला कधीच मान्य होणार नाही. एकदा तळून झालेलं, नाहीतर गटारात गेलं असतं असं तेल ही वेगळी गोष्ट आहे. पण ते मोजकंच असतं. म्हणून आधी गाडी कमी पिणारी हवी, बायोडिझेल त्यानंतर.

डिझेल इंजिन मुळातच कमी पितं. ते नुसती हवा दाबतं, तीही विसाव्या हिश्श्याच्या आसपास. त्या दाबानेच हवा इतकी तापते की वर फवारलेलं इंधन ठिणगीशिवाय पेटतं. पेट्रोल इंजिनासारखी हवेच्या वाटेत झडप आडवी घालून ते वेग आवरत नाही, इंधन कमी-जास्त करून आवरतं. शिवाय लिटरभर डिझेलमध्ये लिटरभर पेट्रोलपेक्षा ऊर्जाही जास्त असते. बायोडिझेल या बाबतीत डिझेलच्या थोडं मागे आहे, कारण त्याच्या वजनातला सुमारे ११ टक्के भाग ऑक्सिजनचा असतो आणि तो काही जळून उष्णता देत नाही. माझ्या वहीतली २२.४ ते २०.८ ही घसरण त्यातूनच आली आहे. तोच ऑक्सिजन ज्वलन मात्र स्वच्छ करतो. पूर्वी चढावर आरशात दिसणारा काळा धूर आता दिसत नाही. धुरातली नायट्रोजनची ऑक्साइडं, म्हणजे हवा खराब करणारे वायू, थोडी वाढतात, हेही खरं आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही.

डिझेल साहेबांनी आपलं इंजिन शेंगदाण्याच्या तेलासाठीच बनवलं होतं, असं बरेच जण छातीठोक सांगतात. तसं नव्हतं. १९०० सालच्या पॅरिसच्या प्रदर्शनात ऑटो नावाच्या कंपनीने एक छोटं डिझेल इंजिन शेंगदाणा तेलावर चालवून दाखवलं. त्यामागे फ्रेंच सरकार होतं, त्यांना आफ्रिकेतल्या वसाहतींमध्ये तिथल्याच तेलावर यंत्रं चालवायची होती. रुडॉल्फ डिझेलने ही हकिगत पुढे १९१२ साली स्वतःच सांगितली. पण तेल जसंच्या तसं वापरण्यात एक अडचण आहे, ते डिझेलच्या दहापट दाट असतं. नोझलमधून त्याचा बारीक फवारा होत नाही, अर्धवट जळतं आणि काजळी धरते. यावरचा इलाज १९३७ साली बेल्जियममध्ये शावान नावाच्या संशोधकाने पेटंट केला. त्याने पाम तेलाची अल्कोहोलशी अभिक्रिया करून त्यातलं ग्लिसरीन बाजूला काढलं आणि पातळ इंधन मिळवलं. आज माझ्या पत्र्याच्या शेडमध्ये जे चालतं ते त्याच जातीचं काम आहे. फरक इतकाच की तेल वापरलेलं असतं आणि अल्कोहोल मेथॅनॉल असतं.

माझी पहिली खेप वाया गेली. चाळीस लिटर तेल गाळलं, तापवलं, मेथॅनॉलमध्ये कॉस्टिक सोडा विरघळवून त्यात सोडला आणि रात्रभर ठेवलं. सकाळी वर सोनेरी थर आणि खाली काळपट ग्लिसरीन दिसायला हवं होतं. दिसला तो पिवळट, थुलथुलीत गोळा. बादली तिरकी केली तरी जागचा हलेना. चाळीस लिटर साबण. तळणीच्या तेलात पाणी असतं आणि त्यामुळे साबण होतो, हे वाचलेलं होतं, पण तेल दिसायला स्वच्छ होतं म्हणून मी पुढे गेले. तेव्हापासून नियम केला. आधी थोडं तेल कढल्यात शंभर अंशांच्या वर तापवायचं आणि कान देऊन ऐकायचं. तडतडलं तर पाणी आहे. मग सगळं तेल तापवून पाणी उडवायचं आणि आवाज पूर्ण थांबल्याशिवाय पुढचं पाऊल टाकायचं नाही.

दुसरी चूक सोड्याच्या मापाची. ताज्या तेलाला लिटरमागे ३.५ ग्रॅम कॉस्टिक सोडा लागतो. तळून तळून तेल आंबट होत जातं, त्यातली सुटी आम्लं वाढतात आणि तेवढा सोडा ती खाऊन टाकतात. किती, ते प्रत्येक खेपेला मोजावं लागतं. एक मिलिलिटर तेल दहा मिलिलिटर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये घालायचं, दोन थेंब फिनॉल्फथॅलीन (सोडा पुरेसा झाला की गुलाबी होणारं रसायन) टाकायचं, आणि लिटरभर पाण्यात एक ग्रॅम सोडा या प्रमाणातलं द्रावण ड्रॉपरने थेंब थेंब सोडायचं. रंग येतो, हलवलं की जातो. पुन्हा येतो, पुन्हा जातो. मग एका थेंबाला गुलाबी छटा येते आणि टिकते. परवाच्या खेपेला ती अडीच मिलिलिटरवर टिकली. जितके मिलिलिटर तितके ग्रॅम जादा, म्हणजे साडेतीन अधिक अडीच, लिटरला सहा ग्रॅम, चाळीस लिटरला २४० ग्रॅम. शाळेच्या प्रयोगशाळेत हे केलं तेव्हा मार्कांपुरतं केलं होतं. आता तो गुलाबी रंग टिकेपर्यंत मी श्वास रोखून बसते.

मेथॅनॉलला मी घाबरते आणि घाबरलंच पाहिजे. दहा मिलिलिटर पोटात गेलं तरी दृष्टी जाऊ शकते. ते कातडीतून शिरतं, वाफेतून शिरतं, आणि उन्हात त्याची ज्योत जवळजवळ दिसत नाही. म्हणून भांडं बंद, हातात लांब रबरी मोजे, डोळ्यांना चष्मा, जागा मोकळ्या हवेची आणि तापवायला विजेचा हीटर. ज्योत त्या शेडच्या आसपासही नाही. चाळीस लिटर तेलाला आठ लिटर मेथॅनॉल लागतं. तापमान ५५ अंशांच्या वर जाऊ देत नाही, कारण ६४.७ला मेथॅनॉल उकळतं. मुलं घरात असतील तर मी खेप लावतच नाही.

धुणं हे सगळ्यात कंटाळवाणं काम, आणि सगळी गुणवत्ता तिथेच ठरते. पहिलं पाणी अगदी हळुवार, वरून तुषारासारखं. घाईने ढवळलं की पाणी आणि इंधन एकमेकांत अडकून पांढरं दुधासारखं होतं आणि दोन दोन दिवस सुटत नाही. खालून काढलेलं पाणी नितळ येईपर्यंत धुवायचं, मग सुकवायचं. सुकलं की नाही याची साधी कसोटी आहे: बरणीमागे वर्तमानपत्र धरायचं, बारीक अक्षर वाचता आलं पाहिजे. अभिक्रिया पूर्ण झाली का, याची कसोटी वेगळी. तीन मिलिलिटर इंधन सत्तावीस मिलिलिटर मेथॅनॉलमध्ये घालून हलवायचं. पूर्ण विरघळलं तर ठीक. तळाला तेलाचा थेंब बसला तर ती खेप पुन्हा शिजवायची. असा थेंब दिसूनही ती खेप टाकीत घालायचा मोह मला एकदा झाला होता. नाही घातली, याचं आजही समाधान वाटतं.

गाडीकडून आलेला पहिला त्रास अपेक्षेतला होता, तरी आला तेव्हा पोटात गोळा आलाच. तिसऱ्या टाकीनंतर चढावर पिकअप गेला, गाडी धक्के खायला लागली आणि बंद पडली. मिस्त्रींनी डिझेल फिल्टर उघडून माझ्यासमोर धरला. आतला कागद डांबरासारख्या गाळाने काळा झाला होता.

"ताई, टाकीत काय घालताय तुम्ही?"

मी सगळं सांगितलं. त्यांनी बोटावर थोडं इंधन घेऊन चोळलं, वास घेतला, आणि म्हणाले, "माल चांगलाय. घाण जुनी आहे, याने सोडवून आणली." अगदी बरोबर. बायोडिझेल चांगलं विद्रावक आहे. डिझेलने टाकीच्या भिंतींवर वर्षानुवर्षं चढवलेला थर ते सोडवतं आणि तो सगळा फिल्टरमध्ये येऊन बसतो. त्या महिन्यात दोन फिल्टर बदलले, त्यानंतर गरज पडली नाही. नव्याने सुरू करणाऱ्याने डिकीत एक जादा फिल्टर ठेवावा आणि इंधनाच्या नळीत अडकलेली हवा हातपंपाने कशी काढायची ते आधी शिकून घ्यावं.

त्याच दिवशी मिस्त्रींनी पंपाकडे जाणारी रबरी नळी चिमटीत दाबून दाखवली. फुगून मऊ पडली होती. साध्या रबराला बायोडिझेल मानवत नाही. विटॉन नावाच्या, इंधनाला टिकणाऱ्या रबराच्या नळ्या घातल्या, त्या आजही टणक आहेत.

थंडीचं दुखणं मात्र दरवर्षी येतं. बायोडिझेल कोणत्या तेलाचं आहे यावर ते किती अंशांना गोठायला लागेल ते ठरतं. पाम तेलाचं असेल तर १५ अंशांच्या आसपासच गढुळायला लागतं, सोयाबीनचं शून्याच्या जवळ. कॅन्टीनच्या कॅनमध्ये कोणतं तेल आलंय हे दर वेळी कळत नाही. म्हणून थंडी लागली की एक बरणी रात्रभर बाहेर ठेवते. सकाळी तळाशी पांढरट मेणासारखं दिसलं की त्या आठवड्यात निम्म्याहून जास्त डिझेल मिसळते, आणि अगदी कडाक्याच्या दिवसांत बायोडिझेल वीस टक्क्यांवर आणते. वीस टक्क्यांना ॲव्हरेज २२.१ पडतं. साठवण्याचंही तसंच आहे. हे इंधन हवेने खराब होतं, आम्लं वाढतात, म्हणून दोन महिन्यांपेक्षा जुनं मी ठेवत नाही.

नवी डिझेल गाडी असलेले विचारतात, आम्हीही घालू का? माझं उत्तर नाही असंच असतं. युरोपच्या ईएन ५९० मानकाच्या डिझेलमध्ये ७ टक्क्यांपर्यंत बायोडिझेल असतं, तेवढ्याला त्या गाड्या तयार असतात. त्यापुढचं गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेलं असेल तरच. काजळीचा फिल्टर जाळून साफ करायला यातल्या बऱ्याच गाड्या सिलिंडरमध्ये उशिरा जादा इंधन फवारतात. बायोडिझेल सहज वाफ होत नाही, ते भिंतीवरून ओघळून इंजिन ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर ऑइलची पातळी वाढलेली दिसली तर आनंद मानू नका, ऑइल पातळ झालंय. शेडमध्ये केलेल्या इंधनासाठी इतक्या नाजूक यंत्रणेचा बळी देऊ नये.

मला टोचणारी एक गोष्ट राहते. मेथॅनॉल बहुतांशी नैसर्गिक वायूपासून बनतं. म्हणजे माझ्या टाकीत जमिनीखालचं काहीच नाही, असं मी म्हणू शकत नाही. कॅनवर कॅन तेल आलं तरी दर खेपेचं आठ लिटर मेथॅनॉल बाहेरूनच येतं. ग्लिसरीनमध्ये राहिलेलं मेथॅनॉल ऊर्ध्वपातनाने, म्हणजे वाफ करून ती पुन्हा थंड करून, परत मिळवता येतं, त्यासाठी बंद भांडं आणि कंडेन्सर लागतो. ते नीट आणि सुरक्षित बसवता येईपर्यंत हात घालणार नाही, पण पुढचं काम तेच आहे.

मीटरवर आज २,१४,००० झालेत. पंपाच्या सीलमधून हलकासा ओलावा दिसायला लागलाय. मिस्त्री म्हणतात, "पंप खोलायचाच आहे तर सगळे सील एकदाच बदलू, ताई." सील विटॉनचेच हवेत, हे त्यांना मी चिठ्ठीवर लिहून दिलंय. पुढच्या शनिवारी गाडी त्यांच्याकडे सोडायची आहे, आणि त्याआधी टाकी रिकामी व्हायला हवी, म्हणून या आठवड्यात नवी खेप लावलेली नाही.