ब्रुनोच्या मापाचा ट्रेलर

शेवटी घोडे न्यायचा ट्रेलर बुक केला एकदाचा! गेले कित्येक महिने घरात दुसरा विषयच नव्हता. इथे ओहायोत घोडे पाळणारी मराठी मंडळी तशी कमीच, पण मुलं रायडिंग शिकतायत आणि आता स्वतःचा घोडा घ्यायचं चाललंय अशी बरीच घरं आहेत आणि त्यातले काही जण मला विचारत असतात, म्हणून सगळं एकदाच लिहून ठेवते.

आधी आमच्या दोन घोड्यांबद्दल. ब्रुनो म्हणजे पर्शेरॉन (ओढकामाची अवजड जात) आणि थरोब्रेड (शर्यतीची जात) यांचा क्रॉस, होम्स काउंटीतल्या एका अमिश कुटुंबाकडून घेतलेला, १७.२ हँड उंच आणि वजन साधारण १,७०० पाउंड. एक हँड म्हणजे ४ इंच, आणि ही उंची खोगिराच्या पुढे मानेच्या मुळाशी जो उंचवटा असतो तिथपर्यंतच मोजतात, म्हणजे तिथेच ७० इंच झाले, मान आणि डोकं त्याच्याही वर! आपल्याकडचा भीमथडी घोडा तेरा हँडच्या आसपास असतो, त्यावरून अंदाज करा. दुसरी डेझी, हॅनोव्हेरियन घोडी, १६.३ हँड आणि १,४०० पाउंड.

जुना ट्रेलर ब्रुनो यायच्या आधीचा, तेव्हा आमच्याकडे क्वार्टर हॉर्स जातीचा लहान घोडा होता आणि त्याला तो अगदी मापात होता. आत ७ फूट उंची, ६ फूट रुंदी, पुढे लोखंडी गव्हाण आणि मधलं पार्टिशन थेट जमिनीपर्यंत. ब्रुनो त्यात चढायचा, कारण तो स्वभावाने गरीब आहे, पण उतरायचा तेव्हा घामाने निथळत असायचा, शेपटीच्या मुळाशी केस घासून गेलेले, आणि वळणावर आतून खुरांचा धडधड आवाज यायचा तो ट्रकमध्ये बसून ऐकवत नसे. बार्नवर (तबेल्यावर) लोक म्हणायचे ट्रेन करा त्याला, सवय होईल. सवयीचा प्रश्नच नव्हता हो, त्याला पाय ठेवायला जागा नव्हती! घोडा चालत्या गाडीत तोल सांभाळतो तो चारही पाय फाकवून, आपण बसमध्ये दांडा न धरता उभे राहतो ना अगदी तसं. पार्टिशन खालपर्यंत असलं की मोठ्या घोड्याला पाय बाहेर टाकताच येत नाही, मग तो धडपडतो, भिंतीवर पाय मारतो, आणि लोक त्याला हट्टी म्हणतात. मला या गोष्टीचा फार राग येतो.

म्हणून नव्या ट्रेलरमध्ये पहिली अट ही की पार्टिशन फक्त वरच्या अर्ध्यात, खाली मोकळं, आणि गव्हाण अजिबात नको. गव्हाण पुढची सगळी जागा खाते, घोड्याला डोकं खाली नेता येत नाही, आणि लांबच्या प्रवासात डोकं खाली घेऊन नाक-घसा साफ करता येणं फार महत्त्वाचं, नाहीतर धूळ आणि जंतू फुप्फुसात उतरतात आणि ज्याला शिपिंग फीव्हर म्हणतात तो न्यूमोनियासारखा प्रकार होऊ शकतो. शिवाय घाबरलेल्या घोड्याने पुढचा पाय उचलला तर तो गव्हाणीत अडकतो. त्याऐवजी छातीशी एक आडवा बार आणि पुढे डोक्यासाठी मोकळी जागा असलेली बरी.

आता मापं. इथे खरी गंमत आहे, कारण जाहिरातीत "वॉर्मब्लड साइज" (हॅनोव्हेरियनसारख्या मोठ्या घोड्यांचं माप) लिहिलेलं असतं त्याला काही एक व्याख्या नाही, ज्याला वाटेल तो लिहितो. साधारण समजूत अशी की मोठ्या घोड्याला आत साडेसात फूट उंची हवी, आणि सरळ उभं करायच्या ट्रेलरमध्ये स्टॉलची लांबी निदान १० फूट, त्यातले ७ शरीराला आणि ३ डोक्या-मानेला. मी आधी बार्नमध्ये ब्रुनोला सरळ उभं करून छातीपासून पुठ्ठ्यापर्यंत टेपने मोजलं, कान टवकारल्यावर डोकं किती वर जातं ते भिंतीवर खडूने मारून घेतलं, आणि मगच डीलरांकडे गेले. एका ठिकाणी ब्रोशरमध्ये उंची ७ फूट ६ इंच होती. मधोमध मोजली तर बरोबर भरली. पण मागच्या दाराची चौकट ४ इंच खाली, त्यात जमिनीवर पाऊण इंचाची रबर मॅट, आणि छताला बरोबर घोड्याच्या टाळूवर येईल असा दिवा बाहेर आलेला! घोडा मागे मागे येत उतरतो तेव्हा नेमकं दाराशीच डोकं वर करतो, म्हणजे ज्या ठिकाणी उंची सगळ्यात जास्त हवी तिथेच ती सगळ्यात कमी. सेल्समन म्हणाला, सगळे हाच नेतात. मी म्हटलं, सगळ्यांचे घोडे वेगळे.

स्लँट लोडचं, म्हणजे घोडे तिरपे उभे करतात त्या ट्रेलरचं इथे फार वेड आहे, आणि लहान घोड्यांना ते चालतंही. पण ६ फूट रुंदीत ४५ अंशात तिरपं मोजलं तर जेमतेम साडेआठ फूट येतात, त्यातही कोपरे वाया जातात. ब्रुनोचं डोकं एका भिंतीला आणि शेपूट दुसऱ्या भिंतीला लागलं असतं. आणखी एक गोष्ट, स्लँटमध्ये पुढच्या घोड्याला काही झालं तर आधी मागच्याला उतरवावं लागतं, हायवेच्या कडेला ट्रक धडाधड जात असताना ते मला नको आहे. म्हणून सरळ उभं करायचाच घेतला, दोन्ही बाजूंना माणसाला बाहेर पडायला दार असलेला.

रॅम्प की पायरी यावर बार्नवर भांडणं होतात. पायरी हलकी, स्वस्त, बिघडायला काही नाही. पण १,७०० पाउंडांचं जनावर उलट्या पावली उतरताना अंदाज न येता पाय खाली टाकतं आणि नळीला कड खरवडते, ते मी दुसऱ्यांच्या घोड्यांना झालेलं पाहिलंय. मी रॅम्प घेतला, जड असला तरी, कमी चढाचा आणि वर रबर असलेला.

आता वजन, आणि हा भाग कृपया नीट वाचा. बघितलेल्या ट्रेलरपैकी एकाचं रिकामं वजन ३,८०० पाउंड आणि जास्तीत जास्त परवानगी ७,००० पाउंड. म्हणजे आत घालायला राहिले ३,२००. ब्रुनो आणि डेझी मिळून ३,१००. उरले १००, आणि २० गॅलन पाणीच १६५ पाउंडांच्या वर जातं! खोगिरं, गवत, मॅट वेगळंच. दोन घोड्यांचा ट्रेलर म्हणून विकतात पण ते दोन घोडे कोणते हे कुणी विचारत नाही. म्हणून आम्ही प्रत्येकी ५,२०० पाउंड पेलणारे दोन अ‍ॅक्सल असलेला ऑर्डर केला.

आणि मग ट्रक. नवरा म्हणत होता आपल्या हाफ-टन पिकअप ट्रकची ओढायची क्षमता ११,००० लिहिलीय, मग काय प्रश्न? प्रश्न ओढण्याचा नसतोच, प्रश्न हिचवर (ट्रकच्या मागे ट्रेलर जोडतात त्या भागावर) खाली दाबणाऱ्या वजनाचा असतो, ते भरलेल्या ट्रेलरच्या १० ते १५ टक्के असतं. आपला ट्रेलर भरून ७,५०० झाला तर हिचवर ७५० ते १,१२५ पाउंड. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर पिवळं स्टिकर असतं त्यावर माणसं आणि सामान मिळून किती वजन चालेल ते लिहिलेलं असतं, आमच्या ट्रकवर १,४८० पाउंड होतं. त्यातून हिचचं वजन वजा करा, मग आम्ही तिघं, मग मागे टाकलेली पेटी आणि बादल्या... संपलं. त्यामुळे ट्रकही बदलतोय, त्याहून वरच्या वर्गातला थ्री-क्वार्टर-टन घेतोय. खर्च वाढला, पण लेक्झिंग्टनला केंटकी हॉर्स पार्कला जाताना आय-७१ च्या उतारांवर मागून ट्रेलरने ट्रकला ढकलावं हे मला परवडणार नाही.

मटेरियलबद्दल थोडक्यात. इथे हिवाळ्यात रस्त्यांवर इतकं मीठ टाकतात की साधं स्टील काही वर्षांत गंजतं, म्हणून गॅल्व्हनाइज्ड स्टीलची फ्रेम आणि बाहेरून अ‍ॅल्युमिनियम. जमीन मात्र ट्रीटेड लाकडी फळ्यांची घेतली, कारण घोड्याच्या लघवीने अ‍ॅल्युमिनियमची जमीनही खाल्ली जाते. कुठलीही घ्या, मॅट उचलून धुतल्याशिवाय टिकत नाही, आणि लाकूड असेल तर स्क्रूड्रायव्हर टोचून बघायचा, मऊ लागलं की फळी बदलायची. आतून पांढरा रंग, खिडक्या मोठ्या, अंधाऱ्या बोगद्यात कुठलाच घोडा आनंदाने शिरत नाही.

डिलिव्हरीच्या दिवशी बघायच्या गोष्टी मी आधीच कागदावर काढल्यात. टायरवरच्या डॉट कोडचे शेवटचे चार आकडे (टायर कधी बनला त्याचे: पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन वर्ष), कारण न वापरता उभ्या असलेल्या ट्रेलरचेही टायर म्हातारे होतात. ब्रेकअवेची (ट्रेलर ट्रकपासून सुटला तर आपोआप ब्रेक लावणाऱ्या यंत्रणेची) पिन ओढून ट्रेलरचे ब्रेक खरंच लागतात का. आणि नुसतं कागद बघून सही न करता ब्रुनोला तिथे नेऊन एकदा चढवून-उतरवून बघणार, डीलरने हो म्हटलंय. एकटा असेल तेव्हा त्याला डावीकडे उभं करायचं, इथले रस्ते उजव्या कडेला उतरते असतात, आणि दोघं असतील तेव्हाही जड तो डावीकडेच. घोड्याच्या मागचा आडवा बार लावल्याशिवाय दोरी बांधायची नाही आणि दोरी सोडल्याशिवाय मागचा बार काढायचा नाही, हे मी मुलीकडून पाठ करून घेतलंय, तुम्हीही घ्या.

कुणाला १५ हँडपर्यंतच्या घोड्यासाठी जुना ट्रेलर हवा असेल तर आमचा आहे, ब्रेक आणि टायर नवे केलेत, येऊन टेप लावून बघा.