मे महिन्यातली मंडळी

ख्रिसमसला आमच्या चर्चमध्ये कोण दिसतं असं कुणी विचारलं तर उत्तर सोप्पंय, सगळे. जे वर्षभर फिरकत नाहीत ते पण दिसतात, नवीन साडी, नवीन ब्लेझर, परफ्यूमचा वास, फोटो, केक आणि सव्वीस तारखेला परत आपापल्या गावाला. त्याच्यावरून आमची मंडळी, म्हणजे चर्चची सगळी माणसं, कशी आहे ते काही कळत नाही. ते बघायचं असेल तर मे महिन्यात या, दुपारी एकेचाळीस डिग्रीत, जेव्हा चर्चच्या हॉलमधले अर्धे पंखे नुसते आवाज करत असतात आणि वऱ्हांड्यात कुणीतरी पन्ह्याचं पातेलं ढवळत बसलेलं असतं.

आमचं गाव नगर-मनमाड रोडला, राहुरीच्या अलीकडे. नगरचं नाव आता कागदोपत्री अहिल्यानगर झालं पण एसटीत बसल्यावर अजून सगळे नगरच म्हणतात, मी पण तेच म्हणणार. मी राहते पुण्यात, नोकरी तिथेच, पण मेमध्ये सुट्टी टाकून गावी येते ती येतेच, आणि माझ्यासारखे बरेच आहेत. ह्या भागातल्या चर्चची गोष्टच अशी आहे की इथून माणसं बाहेर जातात. अमेरिकन मराठी मिशनने 1831 मध्ये नगरला काम सुरू केलं, मग शाळा, बोर्डिंग, दवाखाने, 1876-78 च्या दुष्काळानंतर गावंच्या गावं ख्रिस्ती झाली, पोरं बोर्डिंगात राहून शिकली आणि शिकलेली पोरं नर्स, मास्तर, कारकून होऊन पुण्या-मुंबईला गेली. आमच्या आजोबांच्या पिढीपासून हे चालूय. म्हणजे मंडळीच्या वहीत नावं शंभर घरांची असली तरी रविवारी उपासनेला बाकांवर निम्मी पण नसतात, आणि मेमध्ये मात्र शाळा सुटल्या की सगळे सासर-माहेर, काका-मामा करत परत येतात, आणि मग पाळकसाहेबांना, म्हणजे आमच्या पास्टरना, पण कळत नाही हे नक्की कुणाचं पोरगं.

सुरुवात तशी ईस्टरपासूनच होते. उन्हाळ्याची पहिली खरी परीक्षा म्हणजे ईस्टरच्या आधीचा उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे), बारा ते तीन, भर दुपारी, येशूचे वधस्तंभावरचे सात उद्गार आणि त्याच्यावर सात वक्ते. वक्त्याला वेळ दिलेला असतो पण वक्ता तो पाळत नाही (पाचव्या उद्गाराला, तोच तो 'मला तहान लागली आहे' वाला, अख्खी मंडळी मनापासून सहमत असते). मग रविवारी पहाटे अंधारात प्रभातफेरी, ढोलकी-टाळ घेऊन गाणी म्हणत आधी दफनभूमीत जायचं. त्याच्या आधीच्या आठवड्यात तरुण संघाची पोरं तिथलं गवत काढतात, कबरींना चुना लावतात. मला विचाराल तर वर्षातलं तरुण संघाचं सगळ्यात चांगलं काम ते, पण त्याचा स्टेटस कुणी ठेवत नाही.

ईस्टर झाला की लग्नं. लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या, चाळीस दिवसात आमच्याकडे लग्न लावत नाहीत, त्यामुळे सगळी तुंबलेली लग्नं एप्रिलअखेर आणि मेमध्ये येऊन पडतात. तीन रविवार पुलपीटवरून नावं वाचतात, कुणाची हरकत असेल तर कळवा, आणि वाचताना सगळ्या बायका माना वळवून नवरीच्या आईकडे बघतात. हळद असतेच, मंगळसूत्र असतं आणि अंगठी पण असते, मांडवात पाहुण्यांना सलाम करत फिरायचं, हो आमच्याकडे जुनी माणसं अजून सलामच म्हणतात, नवीन पिढी जय ख्रिस्त. एका मेमध्ये एकाच शनिवारी दोन लग्नं होती तेव्हा पाळकसाहेब एका मांडवात आशीर्वाद देऊन दुसऱ्या मांडवात मोटरसायकलवर गेले, मागे बसलेल्या माणसाच्या हातात त्यांचा झगा. असो, लग्नांवर लिहायला बसले तर वेगळी पोस्ट होईल.

माझं मेमधलं मुख्य काम म्हणजे व्हीबीएस. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, व्हेकेशन बायबल स्कूल, सुट्टीतली बायबल शाळा. ह्याचा उगम मला लै आवडतो, अमेरिकेत 1898 मध्ये न्यू यॉर्कला एलायझा हॉज नावाच्या बाईंनी सुट्टीत रस्त्यावर उंडारणाऱ्या पोरांसाठी वर्ग सुरू केला, आणि जागा भाड्याने घेतली ती कुठली तर एक बीअर हॉल. हे मी शिक्षकांच्या मीटिंगमध्ये सांगितलं तेव्हा आमच्या चर्च कमिटीतले एक वयस्कर पंच म्हणाले, बाई हे पोरांना नका सांगू. मी सांगितलं. पोरांना दुसरं काही लक्षात राहिलं नसेल पण हे राहिलं.

आमच्या लहानपणी व्हीबीएस चांगली दहा दिवस चालायची, आता सहा दिवसांवर आलीय, कारण शिक्षक मिळत नाहीत आणि पोरांना क्लास असतात, चौथीतल्या पोराला कसले क्लास ते मला विचारू नका. सकाळी साडेसातला घंटा, कारण साडेअकरानंतर पत्र्याच्या हॉलमध्ये कुणी बसूच शकत नाही. वयाप्रमाणे वर्ग, बालवर्ग, मग प्राथमिक, मग मोठी पोरं. आधी सगळ्यांची एकत्र गाणी, हातवारे करून, मग वर्गात गोष्ट, मग मुखपाठ वचन, मग हस्तकला, मग खाऊ. ह्याच्यात गोष्ट आणि वचन महत्त्वाचं असं पुस्तकात लिहिलेलं असतं पण प्रत्यक्षात सगळं खाऊवर चालतं. शिऱ्याच्या दिवशी हजेरी सगळ्यात जास्त आणि नुसत्या बिस्किटाच्या दिवशी कमी, हे मी हजेरीच्या वहीवरून सांगते. शिरा कुणाच्या घरचा हे आधी ठरलेलं असतं, प्रत्येक घर एक दिवस घेतं, आणि त्यात पण जोरदार चुरस, कारण एका मावशींनी काजू घातले की दुसऱ्या दिवशीच्या मावशी काजू-बेदाणे दोन्ही घालतात.

शेजारच्या गल्लीतली पोरं पण येतात, त्यातली बरीच ख्रिस्ती नसतात. त्यांच्या आयांचं सरळ म्हणणं असतं की सकाळचे चार तास घर शांत. आधी कुणी काही विचारायचं नाही, आम्ही पण त्यांच्या गणपतीत नाचत मोठे झालो. आता पाळकसाहेब अशा पोरांच्या आईवडिलांकडून सही केलेली चिठ्ठी घेतात, फाईलला लावून ठेवतात. काळ तसा आहे. मला ते आवडत नाही पण त्यांचं बरोबर आहे, उद्या कुणी येऊन विचारलं तर कागद पाहिजे.

शेवटच्या रविवारी समारोप, उपासनेत सगळी पोरं पुढे येऊन गाणी आणि वचनं म्हणतात. एखादं पोरगं मध्येच विसरतं, मग पहिल्या बाकावरून त्याची आजी मोठ्याने पुढचा शब्द सांगते, मग ते पोरगं आजीकडेच बघून उरलेलं सगळं म्हणतं. पुण्यातल्या मोठ्या चर्चमध्ये मी हे कार्यक्रम बघितलेत, लाइट, प्रोजेक्टर, एकसारखे टीशर्ट, छान असतात, पण तिथे आजीला पहिल्या बाकावर बसू देत नाहीत, ती जागा कॅमेऱ्याची असते.

आता कुरडया. व्हीबीएसला पाळकसाहेबांचं नाव होतं पण मेमधलं खरं राज्य स्त्री मंडळाचं. काही वर्षांपूर्वी कुणाच्या तरी डोक्यात आलं की घरोघरी आपण उन्हाळकामं करतोच, तर एकत्र करून विकू आणि पैसे चर्चला देऊ. तेव्हापासून मेचा पहिला आठवडा म्हणजे चर्चच्या गच्चीवर कुरडया, पापड, साबुदाण्याच्या चकल्या, बटाट्याचा कीस. कुरडई हे काही सोपं काम नाही, गहू तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं, नाहीतर वास सुटतो, मग वाटून, पिळून, गाळून चीक काढायचा, रात्रभर ठेवायचा की वर पाणी येतं आणि खाली पांढराशुभ्र चीक बसतो, पहाटे ते पाणी ओतून टाकून उकळत्या पाण्यात मीठ-हिंग घालून चीक शिजवायला घ्यायचा. हे ढवळणं दोन बायकांचं काम, एकीचा हात थांबला की गुठळी झालीच. आणि गरम असतानाच सोऱ्यातून पाडायच्या, थंड झाला की संपलं. चार वाजता उठून चर्चच्या आवारात चूल पेटवायची, आणि पेटवण्याआधी उभ्याउभ्या एक छोटी प्रार्थना, ऊन कडक पडू दे, पाऊस येऊ नको दे. वळवाचा पाऊस हा त्या आठवड्यातला आमचा सगळ्यात मोठा शत्रू, एकदा असा आला की बायका पदर खोचून गच्चीवर धावल्या आणि अर्ध्या ओल्या कुरडया खाली आणून चर्चच्या बाकांवर पसरल्या, रविवारी बाकांना हिंगाचा वास.

व्हीबीएसची पोरं सुटली की त्यांना कावळे हाकायला गच्चीवर बसवतात. मजुरी म्हणजे वाटीभर गरम चीक, वर तेल किंवा साखर. एवढी पोरं कावळे हाकायला कशाला लागतात असं कुणी विचारत नाही.

आणि ह्या कामात जे बोलणं होतं ना, ते कुठल्याच मीटिंगमध्ये होत नाही. कुणाच्या सुनेचं काय चाललंय, कुणाच्या पोराला दारूचं लागलंय, कुणाकडे दवाखान्याचा खर्च आलाय, सगळं पापड लाटताना कळतं. चहाडी म्हणा हवं तर, अर्धी असतेच ती. पण मी बघितलंय, आज पापडावर कळलं की उद्या संध्याकाळी त्याच घराच्या अंगणात प्रार्थना ठरलेली असते, आणि प्रार्थना संपल्यावर कुणीतरी हळूच त्या बाईच्या हातात पाकीट देतं. पंच कमिटीत असा विषय गेला तर अर्ज, ठराव, पुढच्या महिन्यात बघू. पंचांना राग येईल, येऊ दे, ते माझं लिहिलेलं वाचत नाहीत.

घरसभा मेमध्ये अंगणातच होतात. घरात उकाडा, मग अंगणात सतरंजी, पेटी, ढोलकी, आणि लाइट गेली की मोबाईलच्या उजेडात बायबल वाचन. चहाऐवजी लिंबू सरबत, त्यामुळे सभा लवकर संपते असा माझ्या भावाचा दावा आहे, चहा उकळायची वाट बघावी लागत नाही ना. गाण्यांत निम्मी तरी रेव्हरंड टिळकांची असतात, ना. वा. टिळकांची. ते गेले 9 मे 1919 ला, म्हणून त्या तारखेच्या जवळच्या शनिवारी आमच्याकडे रात्री भजनं असतात, नुसती टिळकांची, आणि कधी नगरहून कीर्तनकार मिळाले तर ख्रिस्ती कीर्तन. हो, कीर्तन, उभं राहून, टाळ-मृदंगावर, पूर्वरंग-उत्तररंगासकट. ह्या भागात ते एकोणिसाव्या शतकापासून चालत आलंय. पुण्यातल्या माझ्या ऑफिसमधल्या मैत्रिणीला सांगितलं तर तिला वाटलं मी गंमत करतेय, तिच्या डोक्यात चर्च म्हणजे गिटार आणि इंग्लिश. तिला एकदा घेऊन आले. कीर्तन झाल्यावर तिने बुवांना वाकून नमस्कार केला, बुवा म्हणाले सलाम.

तरुण संघाला कीर्तनात रस नाही हे पण सांगायला पाहिजे. त्यांना कीबोर्ड पाहिजे, ड्रम पाहिजे, आणि त्यांची टूर्नामेंट पाहिजे. मेच्या तिसऱ्या आठवड्यात आसपासच्या गावांतल्या चर्चच्या टीमा येतात, टेनिस बॉल, आठ ओव्हर, सुरुवातीला प्रार्थना आणि नंतर अंपायरशी भांडण. अंपायर बहुतेक वेळा कुठले तरी पाळकच असतात, त्यामुळे शिव्या देता येत नाहीत, म्हणून त्यांनाच ठेवतात. फायनलनंतर प्रीतिभोजन, सगळ्या मंडळीचं एकत्र जेवण. मटण की व्हेज हा वाद दरवर्षी होतो आणि दरवर्षी मटण जिंकतं, भाकरी घरोघरून येतात, टोपलीत सगळ्या एकत्र, कुणाची जाड कुणाची पातळ, आणि आमच्या आत्याबाई टोपलीत हात घालून बरोबर कुणाची भाकरी कुठली ते ओळखतात.

ह्या वर्षी जेवणानंतर लगेच कुरडयांच्या पैशांची सभा झाली. विक्री चांगली झाली होती, पुण्या-मुंबईच्या लोकांनीच जाताना पिशव्या भरून नेल्या. पुरुषांचं म्हणणं साउंड सिस्टीम घेऊ, जुने स्पीकर खरखरतात. तरुण संघ अर्थातच त्यांच्या बाजूने. स्त्री मंडळाच्या अध्यक्षबाई उठल्या आणि म्हणाल्या, प्रवचन आम्हाला खरखरीत पण ऐकू येतं, पण मेमध्ये एवढी माणसं आली की संडासाला पाणी नसतं, पोरी अर्ध्या कार्यक्रमातून घरी जातात, आधी टाकी. कुणीतरी म्हणालं बहुमत घेऊ. त्या म्हणाल्या घ्या, पण कुरडया कुणी पाडल्या त्यांनीच हात वर करायचे.

हजार लिटरची टाकी आली, काळी, गच्चीवर, कुरडयांची जागा सोडून एका कोपऱ्यात. स्पीकरचं पुढच्या वर्षी बघू असं ठरलंय, तेही तरुण संघाची पोरं पहाटे चारला चीक ढवळायला आली तर.