पंचगंगेकाठी, पाणी नसताना

कोल्हापुरात पंचगंगेचा फोटो म्हटलं की तो पुराचाच असतो. पावसाळ्यात शिवाजी पुलाजवळ मोबाईल वर धरून उभी असलेली गर्दी हटत नाही. पाणी ओसरलं की मात्र शुक्रवार पेठ, गंगावेश, ब्रह्मपुरी या नदीकाठच्या भागाकडं कॅमेरा घेऊन कुणी फिरकत नाही. मला हाच भाग कोरडा असताना टिपायचा होता. जवळ एक सेकंडहँड डीएसएलआर आणि ३५ एमएमची एकच लेन्स. झूम नसल्यानं लांबून गुपचूप काढायची सोय नाही, माणसाजवळ जाऊन विचारावंच लागतं. हे बरंच झालं.

घाटावर पहिला प्रश्न ठरलेला. "पेपरातनं आलासा व्हय?" नाही म्हटलं की दुसरा, "मग कशाला?" यावर मी इतिहास, दस्तऐवज असलं काहीबाही बोलून बघितलं, कुणाला पटलं नाही. "पुढच्या पुरात हे असंच राहील का सांगता येत नाही, म्हणून" म्हटलं की मात्र लोक बाजूला सरकून जागा देतात.

सकाळी धुणं बडवायचा आवाज असतो आणि पाठीला डबा बांधून पोहायला शिकणारी पोरं. एका मावशींनी अट घातली, "तोंड नको, धुणं काढा." मग मी त्यांचे हातच काढले. कोपरापर्यंत सारलेल्या बांगड्या, दगडाच्या खाचेत ठेवलेली निळ्या साबणाची वडी, आणि वापरून वापरून बशीसारखी खोलगट झालेली पायरी. अख्ख्या घाटाच्या फोटोंपेक्षा मला हाच जास्त आवडतो. घाटाचा म्हणाल तर सकाळी जमत नाही. संध्याकाळी ऊन तिरपं आलं की काळ्या दगडाला पोत येतो आणि पाण्यातली देवळं उठून दिसतात.

इथंच छत्रपती घराण्याच्या समाध्या आहेत. इथं आलो की मला हटकून दुसऱ्या राजाराम महाराजांची आठवण होते. विलायतेहून परतताना १८७० मध्ये ते फ्लॉरेन्सला वारले, तिथंच आर्नो नदीकाठी त्यांचं दहन झालं, स्मारकाची छत्रीही तिथंच उभी राहिली. करवीरच्या, म्हणजे आपल्या कोल्हापूरच्या राजाची छत्री इटलीतल्या नदीवर! तो फोटो आपल्या बजेटबाहेरचा.

ब्रह्मपुरीनं सगळ्यात जास्त दमवलं. १९४५-४६ मध्ये सांकलिया आणि दीक्षित या पुरातत्त्वज्ञांनी या टेकडीवर उत्खनन केलं. सातवाहन काळातली वसाहत आणि रोमशी असलेल्या व्यापाराच्या खुणा इथल्याच. पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची छोटी ब्राँझची मूर्तीही इथंच सापडली, ती आता टाऊन हॉलच्या वस्तुसंग्रहालयात आहे. पण टेकडीवर जाऊन कॅमेऱ्यातून बघितलं तर काय दिसतं? घरं, बोळ, वाळत घातलेली गोधडी. जमिनीखालच्या गोष्टीचा फोटो काढायचा कसा? शेवटी मी शिवाजी पुलाकडं गेलो आणि टेकडी, १८७० च्या दशकातला जुना दगडी पूल आणि शेजारचा नवा पूल असं एका चौकटीत बसवलं. टेकडी संरक्षित असल्यामुळं त्या नव्या पुलाचं काम कायद्यात अडकून वर्षानुवर्षं रखडलं होतं. त्यामुळं टेकडीचा खरा फोटो हाच, असं माझं मत.

गंगावेशच्या दूध कट्ट्याबद्दल, म्हणजे समोर म्हैस पिळून ताजं दूध देतात त्या जागेबद्दल, सगळ्यांना माहीत आहे, जास्त लिहीत नाही. म्हशी फ्लॅश चालवून घेत नाहीत, एवढं ध्यानात ठेवा.

जीव रमला तो पुराच्या रेषांत. कोल्हापुरात पुराचं माप पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर ठरतं. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. पण गल्लीत या फुटांचा हिशेब वेगळा. बंधाऱ्यावर अमुक झालं की आपल्या दारात तमुक पायरी, हे घराघराला पाठ. बाहेरच्या भिंतींवरच्या गाळाच्या रेषा रंगाखाली गेल्यात, त्यामुळं घरात शिरण्यावाचून इलाज नाही. एका आजींनी कपाट सरकवून मागची भिंत दाखवली. पोरांची उंची मोजतात तशा पेन्सिलीच्या आडव्या रेघा, शेजारी साल. "ही पाचची. एकोणीसचं पाणी लई वर, ही बघा. एकवीसचं त्याच्याच आसपास म्हणा." एकोणीसची रेघ आजींच्या डोक्याच्या वर होती. "तवा माळ्यावर काय काय न्यायचं, त्याची यादी आमच्या हिनं केलीया," म्हणत त्यांनी सुनेकडं बोट केलं.

असल्या फोटोत दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. कॅमेरा रेषेच्या उंचीला धरायचा, नाहीतर रेषा तिरकी येते आणि पाणी चढावर गेल्यासारखं दिसतं. आणि शेजारी मोजपट्टी लावायची, शून्य जमिनीला टेकवून. घरी आलो की फाईलला तारीख, गल्ली आणि तोंड कुठल्या दिशेला ते लिहितो. नुसतं "जुनी भिंत" लिहिलेला फोटो वर्षभरानं मलाच ओळखू येत नाही.

ज्यांचा फोटो काढला त्यांना प्रिंट द्यायची, हे आधीपासून ठरवलं होतं. आजींची मोठ्या आकारात करायला टाकली. दुकानदार हौशी निघाला. प्रिंट हातात आली तेव्हा भिंत नवी रंगवल्यासारखी लख्ख, ना रेघा, ना साल, मोजपट्टी तेवढी उभी. "डाग होते साहेब, सगळे काढून टाकले. त्याचे वेगळे पैसे नाहीत," तो अभिमानानं म्हणाला. दुसरी प्रिंट काढून घेतली. हल्ली पेनड्राईव्ह देताना पाकिटावर मोठ्या अक्षरात लिहितो, "डाग काढू नयेत."