मावते, पण…

"गाडी मावेल हो. पण ती आत लावून तुम्ही बाहेर कसे पडणार?"

मोटरहोमच्या, म्हणजे चाकांवरच्या घराच्या, पोटातल्या छोटी गाडी ठेवायच्या गॅरेजसमोर मी टेप घेऊन उभा, आणि कारागिराचा हा प्रश्न. टेप तसाच हातात राहिला.

लांबीचं गणित मला तोंडपाठ होतं. १९९८ ची पहिली ‘स्मार्ट’ ही चिमुकली गाडी जेमतेम अडीच मीटर. विजेवर चालणारी ‘सित्रोएन आमी’ त्याहून आखूड, २.४१ मीटर, आणि रुंदी १.३९. पण दार उघडायला बाजूला हातभर जागा नको का? नाहीतर गाडी विंचने, म्हणजे दोर गुंडाळणाऱ्या यंत्राने, आत ओढायची, म्हणजे आत बसायलाच नको.

त्यात वजन. गॅरेज मागच्या चाकांच्या मागे असेल तर मागच्या अ‍ॅक्सलवर गाडीच्या वजनापेक्षाही जास्त भार येतो आणि पुढची चाकं हलकी होतात. आमी बॅटरीसकट पाचशे किलोच्या आत, म्हणून मन तिच्याकडे झुकतं. पण वेग ताशी ४५ किलोमीटर! भाजी आणायला ठीक, घाट चढायला नाही.

छोटी गाडी घ्यायची ती मोठीला दर वेळी हलवावं लागू नये म्हणून. मग सरळ दोन सायकली टांगल्या तर?